मार्कशीटवरची कुमारिका

सात ऑगस्ट. जेवणाचं टेबल पुसून मी त्यावर अर्ज मांडला होता: फोटो, मार्कशीटच्या साक्षांकित प्रती, तिकिटं लावलेले दोन लिफाफे, गोंदाची बाटली. राज्य नवं होतं, रायपूर राजधानी झालं होतं आणि एका खात्यात लिपिकांच्या मोजक्या जागा निघाल्या होत्या. पुरानी बस्तीतल्या आमच्या गल्लीत बारावी झालेल्या प्रत्येकाने फॉर्म आणला होता. फॉर्म विकणाऱ्या दुकानदारानेही एक स्वतःसाठी ठेवून घेतला होता. महिलांना वयाची सूट होती, पण माझं ते शेवटचं वर्ष. यंदा अर्ज गेला नाही तर पुन्हा कधीच नाही, आणि मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

समोरच्या घरातली बाई आपला फॉर्म ताडून पाहायला आली. माझे कागद चाळता चाळता थांबली.

"दीदी, ये मार्कशीट किसकी है?"

"मेरी."

"नाम तो किसी और का है."

खरंच होतं. आमच्यात लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने सुनेचं नवं नाव लिहितात. रेशनकार्ड, मतदारयादी, सगळीकडे मी त्याच नावाची. मार्कशीट मात्र एका कुमारिकेची होती, जिला रायपुरात कोणी ओळखत नव्हतं. इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

सासूबाई भाजी निवडत होत्या. मी म्हटलं, "आई, नाव तुमीच बदललं न? आता चला कचहरीत."

"मी काहून?"

"शपथपत्राले साक्षीदार लागते."

"नाव तं चांगलंच ठेवलं होतं मी," असं पुटपुटत त्या लुगडं बदलून आल्या.

कचहरीच्या आवारात नोटरीच्या टेबलापुढे रांग होती. आमचा नंबर आला तेव्हा त्याने कागद पाहून चष्मा कपाळावर ढकलला.

"आप भी मराठी? सुबह से पाँचवीं हैं. बचपन का नाम तक बदल डाला, मार्कशीट कैसे छोड़ दी?"

रांगेतल्या बायका हसल्या. सासूबाई पुढे झाल्या. "रीत है भैया. मेरा भी बदला था."

"पहले क्या था?"

त्यांनी सांगितलं. मीही ते पहिल्यांदाच ऐकलं. नव्यापेक्षा छान होतं, तसं मी म्हटलंही.

"हव," त्या म्हणाल्या, "पण माह्या नणदेचंबी तेच होतं. एका हाकेले दोघी धावून याच्या, म्हणून बदललं."

शपथपत्रावर दोन्ही नावांच्या सह्या हव्या होत्या. जुनी सही हाताला येईना. कोऱ्या कागदावर दोनदा गिरवली, तेव्हा कुठे जमली. मग सासूबाईंनी साक्षीदाराची सही केली, एकेक अक्षर सावकाश.

"जल्दी करो दाई," मागून कोणीतरी ओरडलं. इथे आईच्या वयाच्या बाईला दाई म्हणतात.

"थांब न बापा! सरकारी काम आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी डबे भरले, शपथपत्र अर्जाला टाचलं आणि अडीच तास उभी राहून खिडकीवर पावती घेतली. रांग वळून रस्त्यापर्यंत गेली होती. एवढ्या जणांत नुसता अर्ज काय कामाचा? लिपिकाला टायपिंगही यायला हवं. घरी न जाता मी तशीच शहरातल्या पंडरी भागात हिंदी टायपिंगच्या क्लासात गेले आणि मशीन रिकामी होती म्हणून लगेच बसले.