करपा

मी धुळ्यात एका स्कॅन सेंटरवर एमआरआय टेक्निशियन आहे, चौदा वर्षं झाली. भूतबाधा, अंगात येणं, असलं कोणी सांगायला लागलं की मी त्याची टर उडवतो. पुढचं वाचून तुम्हाला माझी टर उडवावीशी वाटेल... खुशाल उडवा.

आमच्याकडे नवीन सॉफ्टवेअर आलं होतं. स्तनाच्या कॅन्सरचा एमआरआय त्याला दिला की केमोच्या आधीच ते अंदाज द्यायचं – गाठ औषधाला दाद देईल की नाही. दाद देणारा भाग हिरवा, न देणारा लाल. माझी थोरली बहीण, पिंपळनेरची अक्का, ही त्यावरची आमची दुसरीच पेशंट.

पाऊण तास पालथी झोपून अक्का मशीनबाहेर आली. घाबरलीस का, विचारलं तर म्हणाली, "भाऊ, कांदाना वाफामा करपा पडस ना, तशी बठ्ठी गाठ लाल शे. खाले काखनी बाजूले इतलंसं हिरवं."

"कोणी सांगितलं तुला?"

"दिसनं माले."

मला वाटलं, मशीनच्या ठोक्यांनी डोकं भणभणलं असेल. त्यानंतर मी स्कॅन सॉफ्टवेअरला पाठवला. तासाभराने उत्तर आलं. सगळी गाठ लाल... आणि खाली काखेच्या बाजूला करंगळीच्या नखाएवढं हिरवं. अक्का तेव्हा बाहेर बाकावर भाकर खात होती. स्क्रीनच्या खोलीत तिने पाऊलही टाकलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "हा अंदाज आहे, निकाल नाही. पण आधी ऑपरेशनचा विचार करा. आणि पेशंटशी बोला."

आता आमच्याकडची रीत ऐका. बाईचा रिपोर्ट पुरुषाच्या हातात जातो. ती आत बसलेली असते आणि नवरा काउंटरवर कुजबुजतो, "तिला काही सांगू नका." अशा नवऱ्यांना मी चौदा वर्षं मनात शिव्या घातल्या. त्या दिवशी दाजी तेच म्हणाले आणि मी नंदीबैलासारखी मान हलवली. भाचीसाठी स्थळं बघणं चालू होतं. ऑपरेशन म्हटलं की बातमी सगळ्या भाऊबंदांत पसरणार; केमोचं टक्कल काय, पदराखाली झाकता येतं. आम्ही दोघा शहाण्यांनी केमो ठरवली. अक्काला सांगितलं, "मशीन म्हणतंय, औषध छान लागू पडेल." ती म्हणाली, "बरं."

सहा केमो झाल्या. पुन्हा स्कॅन मीच केला. हिरवं होतं तेवढंच गेलं होतं, बाकीची गाठ वाढली होती. पुढच्या तपासणीत कळलं, यकृतापर्यंत पोचलंय. भाचीचं लग्न मात्र थाटात झालं.

सॉफ्टवेअरच्या इंजिनिअरला मी विचारलं. त्याने वेळा तपासल्या. अक्का बोलली तेव्हा फाइल आमच्या मशीनमधून बाहेरसुद्धा गेली नव्हती. दाजी म्हणतात योगायोग. म्हणोत बापडे. मला ते पटत नाही, आणि दुसरं काही सांगताही येत नाही.

शेवटच्या आठवड्यात मी अक्कालाच विचारलं, ते कसं दिसलं. तिलाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, "पण तुला कळलं होतं ना... मग केमो नको असं का म्हणाली नाहीस?"

तिने पाण्याचा एक घोट घेतला.

"माले कोनी इचारं?"