पाटणचा वाणी जतला

माझ्या मोठ्या बहिणीनं एकदा मला वाणी बाटलीत भरून पाठवला होता. (किराणावाला नव्हे! हात लावला की चकलीसारखा गोल होतो, तो पुष्कळ पायांचा किडा.)

दुष्काळानंतरची वर्षं. मी एम.एस्सी. करत होतो. आमच्या पाटणकडचा तांबड्या पायांचा वाणी पूर्वेला कुठवर सापडतो, हा माझा विषय. अक्काला जतकडं दिलेली. मी तिला कार्ड टाकलं : 'तिकडे वाणी आहे का? असल्यास धरून बाटलीत घाल, वर स्पिरिट ओत आणि पाठव. पाय मोडू देऊ नकोस.' 'तू कशी आहेस' लिहायला जागा उरली नाही.

पोस्टमननं ते कार्ड चावडीपुढं वाचलं, तेही मोठ्यानं! गावातला एकुलता एक वाणी दुकान बंद करून अक्काच्या सासऱ्यांकडं धावला.

"आवं आप्पा, तुमच्या सुनंच्या भावाचं म्या काय वाकडं केलंय?"

त्या गावाला दुसरा वाणी ठाऊकच नव्हता, तिथंच मी ओळखायला हवं होतं. पण पंधरा दिवसांत बाटली आली. आत तांबड्या पायांसकट आमचाच वाणी! मी विभागात छाती काढून सांगितलं, ही जात थेट जतपर्यंत आढळते. सर इतके खूश झाले की जागा बघायला माझ्याबरोबर एसटीत बसले.

रानात नुसता फुफाटा. वाणी सोडा, मुंगी दिसेना! शेवटी अक्कानं आम्हाला न्हाणीमागं नेलं. फुटक्या घागरीत अळू लावलेलं होतं. तिनं पान सारलं, खाली दोन वाणी.

"ही माती कुठली, बाई?" सरांनी विचारलं.

"म्हायेरची, आवं. लगीन झालं तवा टोपलीभर आणल्याली. पानी टँकरचं, पर भांडी धुतल्यालं ह्यालाच घालती. सासूबाई लय बोलत्यात."

सरांनी वही मिटली. माझे कान तापले.

"आगं, मग कळवायचं न्हाई व्हय? माजा समदा इषय बुडाला!"

"मला वाटलं, किडा घावला म्हंजी तू येशील." ती हसली. "आता ऱ्हाशील न्हवं चार दिस?"

मी दुपारच्याच गाडीनं परतलो, फुरंगटून. आठवलं की लाज वाटते. अक्का आता नाही, म्हणून रडूही येतं.

प्रबंधात मी स्वच्छ लिहिलं : 'मूळ ठिकाण पाटण. जतला आपणहून गेलेला नाही, नेला गेला. कुणी जपलं तरच जगतो.' एवढं कळायला मला एम.एस्सी. व्हावं लागलं, आणि तेसुद्धा मला फक्त किड्याबद्दल कळलं!