बुटक्याचा कडू घास

त्या बाहुल्या आमच्या गल्लीत आल्या त्या माझ्या मित्राच्या मामेभावामुळे. हा मामेभाऊ पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. कंपनीनं त्याला काही महिने अमेरिकेला पाठवलं आणि येताना त्यानं तिथल्या एका खेळाची दोन खोकी आणली. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. त्याची हौस लवकर फिटली आणि खोकी हिंगोलीला आली.

एकूण अकरा बाहुल्या. बोटाच्या दोन पेरांएवढ्या, मऊ प्लास्टिकच्या, कारखान्यातूनच रंगवून आलेल्या. एक तलवारवाला, एक निळ्या झग्याची जादूगारीण, एक बुटका, हिरवी कुबडी पिशाच्चं, हाडांचे सापळे आणि सगळ्यांच्या दुप्पट असा एक दांडगा राक्षस. रंगकाम घाईचं होतं. जादूगारणीचा एक डोळा कपाळावर गेला होता. प्रवासात दबून तलवारी वाकल्या होत्या. त्या उकळत्या पाण्यात धरायच्या, सरळ करायच्या आणि लगेच गार पाण्यात बुडवायच्या. त्यासाठी आम्ही माझ्या मायच्या चहाच्या आधणावर डल्ला मारायचो. ती म्हणायची, "आधी राक्षसाची आंघोळ, मग माणसाला चहा. बराबर हाय तुमचं."

मित्रानं स्वतःसाठी बुटका घेतला. खांद्यावर कुऱ्हाड, आणि दाढीचा लाल रंग पार कानापर्यंत ओघळलेला. माझ्या मायलाही तोच आवडायचा. एका भाद्रपदात महालक्ष्म्यांपुढच्या आराशीत तिनं त्याला मागून घेतलं आणि फराळाच्या ताटांपाशी उभं केलं. "ऱ्हाऊ दे पहाऱ्याला. मुंग्या तरी येणार न्हाईत," म्हणाली.

खेळ असा होता. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी एकेक बाहुली घेऊन त्या गोष्टीत शिरायचं. मारामारी आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. राक्षसांचा फासा गोष्ट सांगणारा टाकतो, तोही आडोशाला, इतरांना न दाखवता. माझा आडोसा म्हणजे साडीच्या खोक्याचं झाकण. नकाशा जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चौकटी आखून काढलेला. दर रविवारी दुपारी मित्राच्या माडीवर आम्ही चौघं बसायचो. दुसरे दोघं म्हणजे औषधाच्या दुकानातला एक जण आणि कनेरगाव नाक्याहून एसटीनं येणारा एक मास्तर.

गोष्ट सांगायला मला मित्रानंच बसवलं होतं. "हा खोटं बोलला की याचे कान लाल होतात," तो त्या दोघांना म्हणाला होता. "याच्याकडं फासा असला की पाहायचं काम न्हाई."

त्याचा बुटका आमच्यासारखंच बोलायचा. पिशाच्चांनी वाट अडवली की तो कुऱ्हाड उगारायच्या आधी मंगळवारच्या बाजारात बैलाचा भाव करावा तसा भाव करायचा. "अरे लेकरांनो, काहून मरून राहिलात? बाजूला व्हा, भाकरी देतो अर्धी." आम्ही पोट धरून हसायचो. दीड-दोन वर्षं हा बुटका जगला. मेलेली बाहुली पुन्हा त्याच नावानं खेळवायची नाही, हा आमचा नियमही मित्राचाच. तो म्हणायचा, मरणच नसेल तर जगण्यात काय मजा.

मग आम्ही दोघांनी एका सरकारी नोकरीची परीक्षा दिली. अभ्यास एकत्र, पुस्तकं एक, कंदीलसुद्धा एक. निकाल लागला. तो पास झाला, मी नाही. तो पेढे घेऊन आला आणि आधी माझ्या मायच्या पाया पडला. मी पेढा खाल्ला, त्याला मिठी मारली, आणि ती मिठी खोटी होती असं मला आजही म्हणता येत नाही.

पण त्या रविवारी बुटका एका दगडी पुलावर उभा होता आणि समोर दांडगा राक्षस. बुटक्याला मारायला राक्षसाला पंधरा किंवा वर हवे होते. मी झाकणामागं फासा टाकला. चार पडले.

"एकोणीस," मी म्हणालो आणि फासा मुठीत घेतला.

माझ्या कानांकडं कुणी पाहिलं नाही. सगळे बुटक्याकडं पाहत होते. मित्रानं त्याला हळूच आडवा केला, कॅलेंडरवर, कुऱ्हाड खाली येऊ न देता. मग तो खिडकीकडं तोंड करून बसला.

"अबे, रडून राहिला का तू? प्लास्टिकचा हाय तो," औषधवाला म्हणाला.

"तुझ्या दुकानातली गिऱ्हाइकं मरतात तेव्हा तू रडतो का?" मास्तर त्याच्यावर उखडला. "गप बस जरा."

मी घरी आलो. मायनं विचारलं, "काहून तोंड पाडून बसलास?"

"त्याचा बुटका मेला."

"लाल दाढीवाला?" तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. क्षणभर हसली, मग हसली नाही. "अन् पोरगं कसं हाय?"

आमच्याकडं मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारचे, सोयरे पिठलं-भाकरी करून नेतात. त्याला कडू घास म्हणतात. मायनं चूल पेटवली, पिठलं हाटलं, चार ज्वारीच्या भाकरी थापल्या आणि फडक्यात बांधून, मला पुढं घालून, मित्राच्या घरी गेली. दारात त्याच्या आईला तिनं सांगितलं तशी ती माउली पदर तोंडावर धरून हसायला लागली. मायनं मात्र हसू दाबलं आणि मित्रापुढं ताट ठेवलं.

"खा लेकरा. गेल्याच्या मागं उपाशी ऱ्हाऊ न्हाई."

त्यानं खाल्लं. दुसऱ्या घासाला तोही हसायला लागला, डोळे पुसत. सगळ्यांनी तुकडा तुकडा मोडला. माझ्या तोंडातला घास फिरत राहिला. मारणाऱ्यानं कडू घास खावा का, हे विचारणार कुणाला?

आठवड्यानं तो नाशिकला रुजू झाला. जाताना खोकी माझ्याकडं देऊन गेला. "तुझ्याकडंच शोभतात. तू बराबर खेळवतोस." मी ती कपाटात ठेवली. मास्तरनं दोनदा निरोप धाडला, मी काहीतरी कारण सांगितलं. पुढं मलाही नोकरी लागली, साधीच, पण लागली. तरी खेळ मांडायचं धाडस झालं नाही.

तीन वर्षांनी लग्न करून तो बायकोला घेऊन आमच्याकडं आला. चहा पिता पिता त्यानं खोकी काढायला लावली आणि एकेक बाहुली तिच्या तळहातावर ठेवत ओळख करून दिली. बुटक्यापाशी थांबला. "हा मी. एकोणीस पडले, अन् मेलो. पण एक सांगतो, यानं मनात आणलं असतं तर मला वाचवलं असतं. झाकणामागं कोण पाहतंय? पण याला खोटं जमत न्हाई."

तिनं माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. ते मला सोसलं नाही.

"चार पडले होते," मी म्हणालो.

त्याला कळलंच नाही आधी. मग कळलं. "काहून?"

"तू पास झाला म्हणून."

बायको कधी त्याच्याकडं, कधी माझ्याकडं पाहत होती. शेवटी त्यानं नकाशा म्हणून टीपॉयवर वर्तमानपत्र पसरलं, बुटका उभा केला, समोर राक्षस ठेवला. मी फासा उचलायला हात पुढं केला तर म्हणाला, "तू नको. ती टाकील."

"मी काय करायचं?" तिनं विचारलं.

"राक्षस हायस तू. टाक."

तिनं टाकला. फासा वर्तमानपत्रावर गरगरला आणि थांबला. आम्ही तिघंही वाकलो. सोळा.

"म्हणजे काय झालं, भाऊजी?" तिनं मला विचारलं. त्याला नाही, मला.

"मेला," मी म्हणालो.

मला आत कुठंतरी हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची लाजही वाटली. सोळा पडल्यानं माझे चार काही पुसले जात नव्हते. त्यालाही ते कळत असणार. तो बुटक्याकडं पाहत राहिला, मग खो खो हसला, पण हसणं संपल्यावर माझ्या पाठीवर नेहमीसारखी थाप पडली नाही. त्यानं बुटका उचलून शर्टाच्या खिशात घातला.

"हा मी नेतो. बाकीचे ऱ्हाऊ दे तुझ्याकडं."

मी मान हलवली. ते दोघं दारापर्यंत गेले. चप्पल घालता घालता तो वळला. "आठ दिवस हाय मी इथं. रविवारी मास्तरला बोलावून घे. मी दुसरी बाहुली घेतो, ती जादूगारीण. अन् हे बघ, फासे सगळ्यांच्या पुढं टाकायचे."

"व्हय," मी म्हणालो.