काकींच्या वाट्याचा चहा

त्या मंगळवारी काकी आल्या नाहीत. सिस्टरने त्यांच्या बेडवरची चादर बदलली.

मीरा रोडच्या आमच्या डायलिसिस सेंटरमध्ये काकींचा बेड माझ्या शेजारी होता. मी जन्मभर विमा कचेरीत कारकुनी केली. पण पुस्तकात मान घालून बसतो म्हणून त्या मला मास्तर म्हणायच्या. वजनकाट्यावरून उतरताना दर वेळी विचारायच्या, "काय मास्तर, तुमच्या काट्याने चुगली केली का?"

आमच्यासारख्यांचं चोरून प्यायलेलं पाणी काटाच सांगतो, हे तुम्हीही कुणाबरोबर तिथे बसला असाल तर जाणताच. काकींना चोरी मान्य नव्हती. खारी गावातल्या घरी त्या सकाळी डॉक्टरांनी मोजून दिलेल्या पाण्याची एक बाटली भरायच्या. दिवसभराचं पिणं तेवढ्यातच. ठरलेल्या गोळ्या आमटीभाताच्या घासाबरोबर गिळायच्या आणि वाचवलेल्या पाण्याचा आलं घालून चहा करायच्या. छोट्या थर्मासमधून तो सेंटरवर यायचा. कुणी हटकलं तर म्हणायच्या, "माझ्या वाट्याचा आहे."

एकदा पूनम सागर कॉम्प्लेक्सला राहणारे त्यांचे जावई मोठा डबा घेऊन आले.

"आई, अँटिऑक्सिडंट आहे. डायलिसिसने शरीर आतून गंजतं म्हणे. याने थांबतं."

"गंजायला मी काय गॅलरीचं ग्रिल आहे?"

"मस्करी नको. रोज तीन कॅप्सूल, ग्लासभर पाण्याबरोबर."

"कुणाच्या वाट्याच्या पाण्याबरोबर?"

जावयांनी डॉक्टरांना थांबवलं. डॉक्टरांनी डबा फिरवून वाचला. म्हणाले, "गंजण्याचं म्हणताय ते अगदीच खोटं नाही. अशा गोळ्यांनी रक्ताचे काही रिपोर्ट सुधारतातही. पण माणूस जास्त जगतो का, ते अजून नक्की सांगता येत नाही. आणि यातलं व्हिटॅमिन सी जास्त झालं तर काकींना बाधेल."

काकी जावयांकडे वळल्या. "ऐकलंस? या गोळ्यांचं नक्की नाही. माझा चहा नक्की आहे."

जावयांचा चेहरा पडला. "आई, तुम्हाला जगायचंच नाही का?"

सुया टोचलेला हात न हलवता काकींनी दुसऱ्या हाताने थर्मास पुढे केला.

"जगायचंय म्हणून तर चहा सोडत नाही. उघड हे. अर्धा तू घे."

"तुमच्या वाट्याचा..."

"माझ्याच वाट्यातला देतेय. पी गप."

ते खाली मान घालून प्यायले. डबा सील न फोडता परत गेला.

काकी गेल्यावर जावई त्यांची शाल आणि थर्मास न्यायला आले. माझ्या बेडपाशी थांबून पुटपुटले, "त्या गोळ्या घेतल्या असत्या तर..."

"नाही," मी म्हणालो. आवाज एवढा चढला की सिस्टरने वळून पाहिलं. "तुम्ही आणलंत, त्यांनी नाकारलं. दोघांनीही काही चुकीचं केलं नाही. त्यांनी दिलेला चहा तेवढा लक्षात ठेवा."

ते शाल घेऊन गेले. थर्मास माझ्या उशाशी ठेवून गेले.

आता सकाळी मीही बाटली भरतो. गोळ्या घासाबरोबर गिळतो. थर्मासमध्ये चहा असतो. तो माझ्या वाट्याचा आहे.