तिसरा सिलिंडर बोलत नव्हता

ती तक्रार मी अजून विसरलेलो नाही, आणि विसरता आली तर बरं होईल असं अनेकदा वाटतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, रेतीचोरांच्या मागे नदीत उतरलो. पण एका जुन्या मोटारीने माझा जेवढा जीव खाल्ला, तेवढा कोणा सराईत गुन्हेगारानेही खाल्ला नाही.

मी तेव्हा विदर्भाच्या पूर्व टोकाला, झाडीपट्टीतल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. धान निघालं की आमच्या भागात नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाला कंपन्यांची कार्यालयं उघडतात, रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाट्या चढतात, आणि मग उन्हाळा लागेपर्यंत कुठल्या ना कुठल्या गावात प्रयोग असतोच. बंदोबस्त अर्थातच आमच्या गळ्यात. अशाच एका सकाळी हजेरी चालू असताना एका नाट्यकंपनीचे मालक तरातरा आत आले. ठाणे अंमलदाराने खुर्ची पुढे केली, तरी बसले नाहीत.

"साहेब, माह्या गाडीत कोणतरी घातपात करून राह्यला."

घातपात हा शब्द आमच्या नक्षलग्रस्त भागात गमतीने घ्यायचा नसतो. मी त्यांना आत बोलावलं. निघालं काय, तर कंपनीची जुनी पेट्रोल गाडी. नाटकातली मुख्य माणसं तीतून जायची. काही दिवसांपासून ती सुरू केली की उभ्या जागी थरथर कापायची, आणि रस्त्याला लागली की धक्के देत चालायची. मूल तालुक्यातल्या एका गावात नायक इतका उशिरा पोचला की प्रेक्षकांनी खुर्च्या भिरकावल्या. गॅरेजवाला गाडी दुरुस्त करून द्यायचा, आणि पुढच्या प्रयोगाला निघताना पुन्हा तेच रडगाणं.

मालकांचा संशय स्वतःच्या ड्रायव्हरवर होता. "दुसऱ्या कंपनीनं फितवला त्याले. दुसरं कोण करन?" आणि ठाण्यात येण्याआधी ही गोष्ट ते वडशातल्या एकूण एक कार्यालयात सांगून आले होते. फितूर असा शिक्का बसलेल्या ड्रायव्हरला हंगामात कोणी उभं करत नाही. म्हणजे चौकशी सुरू होण्याआधीच त्या माणसाला शिक्षा झाली होती.

खरं तर मी अर्ज परत करणार होतो. पण फितुरीच्या बोलण्यावरून दोन कंपन्यांची माणसं एकमेकांच्या अंगावर गेली असती, म्हणून अर्ज चौकशीवर घेतला आणि हवालदाराला ड्रायव्हरकडे धाडलं.

ड्रायव्हर जवळच्याच गावचा. वय पन्नाशीच्या पुढे, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. तो टेबलासमोर उभा राहिला, आणि मी बस म्हटल्यावरही उभाच राहिला.

"गाडीत काय टाकतोस?"

"पेट्रोल टाकतो साहेब. अजून काय टाकू?"

"मालक म्हणतात, तू फितलास."

"गाडी बंद पडली त लोकं पह्यले मलेच शिव्या देते. मी काऊन बिघडवीन?" मग म्हणाला, "माही पोरगी वडशाच्या शाळेत आहे. तिले काल कोणतरी म्हणलं, तुहा बाप फितूर आहे."

खोटं बोलणारा माणूस जास्त बोलतो, हा माझा अनुभव. हा तेवढं बोलून गप्प झाला. तरी अनुभवावर जबाब लिहिता येत नाही. मी सगळ्यांना घेऊन गॅरेज गाठलं.

गॅरेजवाला ब्रह्मपुरीच्या रस्त्यावरचा नावाजलेला माणूस. आपल्या कामावर त्याचा भारी विश्वास, आणि आवाजही तसाच. "साहेब, मी गाडी बनवून देतो, अन् हे लोकं बिघडवून आणते. मी काय करू?" आतापर्यंत त्याने पेट्रोलचा पंप बदलला होता, फिल्टर बदलला होता, प्लग तर किती वेळा साफ केले ते त्यालाही सांगता आलं नाही. मी म्हटलं, आता नवीन काही बदलायचं नाही, दोष कुठे आहे तेवढं दाखव.

त्याने इंजिन सुरू केलं. गाडी हिवतापाच्या रोग्यासारखी हलायला लागली. हातात रबरी मोजा घालून तो एकेका प्लगची वायर काढून परत लावू लागला. पहिली काढली, इंजिन आणखी गडगडलं. दुसरी काढली, तेच. तिसरी काढली, तर काहीच फरक नाही. चौथी काढली, पुन्हा गडगडाट.

"तिसरा सिलिंडर काम करतच नाई," तो म्हणाला. जो आधीच गप्प आहे त्याला काढल्याने फरक कसा पडेल? ही उलटतपासणी मला आवडली. पण पुढच्याच मिनिटाला सगळा विचका झाला. तिसऱ्या प्लगवरची टोपी निघाली तर आत ओल, आणि खोबणीच्या कडेने मुंग्यांची रांग.

"पाहा साहेब," मालक म्हणाले. "पाण्याले मुंग्या लागते का? साखर टाकली त्यानं."

गॅरेजवाला म्हणाला, धुताना पाणी गेलं असन. ड्रायव्हर म्हणाला, इंजिनावर मी कधी पाणी मारत नाई. जमलेल्या चार माणसांनी पाच मतं दिली. एकाने करणीही सुचवली. मी सगळ्यांना गप्प बसवलं, पण मनात मलाही वाटलं की पुरावा ड्रायव्हरच्या विरुद्धच चालला आहे.

शेवटी पोलिसांना जे येतं ते केलं. खोबणी कोरडी करून घेतली, तिसरा प्लग नवा बसवला, गाडी ठाण्याच्या आवारात पहारेकऱ्यासमोर उभी केली आणि किल्ली माझ्या खिशात ठेवली. ड्रायव्हरला फाटकाच्या आत यायची मनाई. दुसऱ्या दिवशी आमच्या जीपच्या चालकाने गाडी सुरू केली. आवाज एकसारखा, कुठेही थरथर नाही. ती बंद करून आम्ही मालकांना गाडी घेऊन जाण्याचा निरोप पाठवला.

मालक आले ते पूजेचं ताट घेऊनच. आमच्या नाटकात पडदा उघडण्याआधी रंगमंचावर नारळ फुटतो, हे मला ठाऊक होतं. या गृहस्थांनी तो नियम गाडीलाही लावला होता. दर प्रयोगाला निघताना नारळ, आणि तोही टायरपुढे नाही. इंजिन म्हणजे गाडीचा जीव, म्हणून बॉनेट उघडायचं, आतल्या लोखंडी पट्टीवर नारळ फोडायचा आणि पाणी हात जोडून इंजिनावर सोडायचं. इंजिनावरचं झाकण कोणीतरी कधीच काढून फेकलेलं, प्लगच्या टोप्या जुन्या होऊन आता चिरलेल्या. त्या दिवशीही त्यांनी तेच केलं, आणि ते गोडसर पाणी माझ्या डोळ्यांदेखत वाहत तिसऱ्या खोबणीत उतरलं.

मी फक्त म्हटलं, "आता सुरू करा."

गाडी थरथर कापायला लागली.

माझा हवालदार तोंड फिरवून हसत होता. मला हसू आलं नाही, भयंकर राग आला. "अहो, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"त्याच्यात काय सांगाचं साहेब?" मालक म्हणाले. "थे त आम्ही नेहमीच करतो."

फाटकाबाहेर उभ्या ड्रायव्हरला विचारलं, तुला तरी कळायला नको? तो म्हणाला, "ताट मीच धरतो साहेब. देवाच्या कामात कोण शंका घेते?" आता यांना काय म्हणावं?

मालकांनी लगेच गैरसमजाचा जबाब दिला. स्टेशन डायरीला नोंद झाली, प्रकरण निकाली. ड्रायव्हर मात्र हलेना. "साहेब, कागदावरची तक्रार गेली. वडशातली कशी जाईन?"

त्याचं खरं होतं. मी मालकांना म्हटलं, ज्या तोंडाने सांगत फिरलात त्याच तोंडाने परत फिरायचं, आणि याला सोबत घेऊन. ते कुरकुरले, पण गेले. मी गणवेशात मागे चालत होतो, म्हणून कोणी चेष्टा केली नाही.

शेवटचं कार्यालय त्याच दुसऱ्या कंपनीचं होतं, जिने याला फितवल्याचा बोभाटा झाला होता. तिथल्या मालकांनी नारळाची सगळी हकिकत ऐकली. मला वाटलं, आता खो खो हसतील. ते उठले, बाहेर गेले आणि स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडून आत पाहत राहिले. तिथूनच म्हणाले, "साहेब, मी गेल्या हंगामात याच्याचसाठी एक ड्रायव्हर काढून टाकला."

"कुठे असतो तो?"

"कुरखेड्याकडं आहे त्याचं गाव. मंग कोणी त्याले कामावर घेतलंच नाई."

त्या माणसाच्या प्रकरणात कुठल्या ठाण्यात अर्ज आला नव्हता. त्याच्यासाठी कोणी गाडी पहाऱ्यात उभी केली नव्हती. तेवढ्यात आमचा ड्रायव्हर पुढे झाला.

"चला शेठ," तो म्हणाला. "मले त्याचं घर माहीत आहे."

गुन्हेगार काय लपवतो, ते शोधायला पोलिसाला शिकवलेलं असतं. पण भली माणसं जे रोज हात जोडून करतात, ते त्यांना सांगण्यासारखं वाटतच नाही, हे मी त्या मोटारीकडून शिकलो. पुढे प्रत्येक चौकशीत मी फिर्यादीला पहिला प्रश्न हाच विचारत असे, की तुम्ही स्वतः रोज काय करता? लोक चिडायचे. कुरखेड्याच्या त्या माणसाला त्याच्या मालकाने कामावर परत घेतलं, असं मागाहून कळलं. त्याचा एक हंगाम मात्र गेला तो गेलाच, आणि त्याची नोंद कुठल्याही ठाण्यात नाही.