पांढरीवरचं दुसरं लेकरू

परवा नात्यातल्या एका लग्नाला नेरला गेलतो. परतीच्या वाटेवर नाल्यापलीकडे ते टेकाड दिसलं आणि माझं तोंड कडू झालं... चौऱ्याऐंशी वर्षांचा झालो, आता कोणाची लाज धरायची? लिहूनच टाकतो.

साठच्या आसपासची गोष्ट. मी यवतमाळला कॉलेजात होतो. वडील कचेरीत, घरात सगळे लेखणीवाले, कुदळ कोणी कधी धरली नव्हती. उन्हाळ्यात आमच्या सरांनी मला उत्खननाला नेलं, खापरांवर नंबर टाकायला आणि रजिस्टर लिहायला... आणि मी स्वतःला फार शहाणा समजायला लागलो.

ते टेकाड म्हणजे पांढरी. जुन्या वस्तीची राखाडी माती, लोक भिंती लिंपायला तिथूनच न्यायचे. आत तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं निघत होती. चुली, सारवलेली जमीन, जळून काळे पडलेले लाखोळीचे दाणे... बघून अंगावर काटा यायचा.

मजूर जवळच्या तांड्यावरचे होते. पूर्वी ही माणसं बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायची, आता तिथेच शेती करत होती. त्यांच्यात जमनीबाई होती, पंचवीस-सव्वीसची, कामाला वाघीण. आपसात त्यांच्या बोलीत बोलायची, माझ्याशी वऱ्हाडीत.

जे मला नंतर कळलं ते तुम्हाला आधीच सांगतो. दोन वर्षांपूर्वी तिचं अकरा दिवसांचं पोरगं गेलं होतं आणि तिने ते याच पांढरीच्या कडेला पुरलं होतं. तान्हं लेकरू जाळत नाहीत. काळ्या रानात दरसाल वखर फिरतो, पांढरीवर फिरत नाही, म्हणून तांड्याची तान्ही लेकरं तिथे ठेवायची रीत होती... आणि वखर फिरला नव्हता म्हणूनच सरांनीही तीच जागा निवडली होती.

आठवड्याभरात एका घराच्या जमिनीखाली दोन मडकी निघाली, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली. आत तान्ह्या लेकराची हाडं. सरांनी ती कापसात गुंडाळून पेटीत भरली, मी ऐटीत नंबर टाकला. बायका कामं टाकून उभ्या राहिल्या होत्या... जमनीबाई तेवढी माझ्या हातातल्या पेटीकडे बघत होती.

दुसऱ्या दिवसापासून तिने टोपली भलत्याच जागी ओतायला सुरुवात केली. माती नाल्याकडे टाकायची ठरली होती, ही मात्र टेकाडाच्या कडेला एकाच ठिकाणी ओतायची. मी दहादा सांगितलं. एकदा तर सगळ्यांसमोर ओरडलो, ऐकू येत नाही का म्हणून... ती खाली मान घालून गेली आणि पुढची टोपलीही तिथेच ओतली. मग आणखी दोघीतिघी तिथेच ओतायला लागल्या.

मी ढीग हलवायला लावला. खालची जमीन उघडी पडली, तर मधला एक तुकडा वेगळ्या रंगाचा, भुसभुशीत. पूर्वी कोणी खड्डा करून बुजवला की माती अशी दिसते, हे सरांनीच शिकवलं होतं. मी पळत जाऊन सरांना सांगितलं. त्यांनी पाठ थोपटली आणि म्हणाले, तूच खण.

जमनीबाई कडेला येऊन बसली. मी ब्रशने माती सारत होतो... बारीक हाडं दिसली आणि मी मूर्खासारखा ओरडलो, "सर, दुसरं!"

मग ब्रशखाली काहीतरी चमकलं. आरशाचा तुकडा. लाल कापडावर टाचलेला, तांड्यावरच्या बायका टाचतात तसा... मी ब्रश खाली ठेवला.

ती म्हणाली, "तीन हजार वर्साचं नाही ते बाबू. दोनच साल झाले. मायं हाये."

"मग आधी काहून नाही सांगितलं?" मी रडकुंडीला आलो होतो.

"सांगतलं असतं तं तुमीनं पयले तेच उकरलं असतं."

देवाशपथ सांगतो, तिचं चुकलं नव्हतं. आदल्या दिवशी तिने सांगितलं असतं तर मी हुरळून गेलो असतो, हीच रीत तीन हजार वर्षं चालत आली म्हणून. सरांनी टोपी काढली.

"आता कुठं ठेवू याले?" एवढंच तिने विचारलं. सगळं टेकाड तर आम्ही खुंट्या ठोकून आखलं होतं... शेवटी मी आमचा पहिला खड्डा दाखवला. तळाचा मुरूम लागला होता, खाली काहीच नव्हतं, तो आता बुजवायचाच होता. तिथे पुन्हा कोणी खणणार नाही, असं मी तिला सांगितलं.

तिने मला हात लावू दिला नाही. कापडासकट सगळं पदरात घेऊन स्वतः शिडीवरून उतरली, हातानेच मुरूम उकरून लेकरू ठेवलं. खड्डा आम्ही सगळ्यांनी मिळून भरला. माझ्या तळहातांना फोड आले, पण त्याचं काय कौतुक...

निघताना ती माझ्यापाशी थांबली. मडक्यातल्या लेकराची पेटी आदल्याच दिवशी शहरात गेली होती.

"त्याची माय नव्हती इचाराले, म्हनून नेलं ना त्याले?"

मी रजिस्टर उघडून काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं. ती तांड्याकडे गेली... दुसऱ्या दिवसापासून कामावर आली नाही.

तिने मला एक शिवी दिली नाही, शाप दिला नाही. तिचे उपकारच म्हणायचे. पण तिला 'हो' म्हणायला पाहिजे होतं मी... एवढं तरी खरं बोलायला पाहिजे होतं.