सासूबाईंच्या मागून जिना चढताना

मुलगा झाला तेव्हा सासूबाई कराडहून इथे परदेशात, इंगोलश्टाटला आमच्याकडे राहायला आल्या होत्या. बाळंतपणानंतर मला धाप लागायची, पाय सुजायचे, उशा रचून टेकल्याशिवाय झोप यायची नाही. बाळंतिणीला एवढं व्हायचंच, असं सगळे म्हणत होते आणि मीही तेच म्हणत होते. कॉलेजात खो-खो खेळलेली मी, दुखणं अंगावर काढायची सवय. एका सकाळी बाळाला पाजताना श्वासच मिळेना, तेव्हा नवऱ्याने ॲम्ब्युलन्स बोलावली. बाळंतपणात माझ्या हृदयाचा स्नायू कमजोर झाला होता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बऱ्याच जणींचं हृदय हळूहळू पूर्ववत होतं. गोळ्या घ्यायच्या, बेताने व्यायाम करायचा, जड काही उचलायचं नाही. मी विचारलं, बाळ जड समजायचं का?

"सध्या आजीला घेऊ दे," त्या म्हणाल्या.

पुढे मला हेर्त्सश्पोर्टला घातलं. हृदयाच्या पेशंटांसाठी शाळेच्या जिममध्ये भरणारा व्यायामाचा वर्ग. मी सोडून सगळे आजी-आजोबा. गोल फिरायचं, चेंडू झेलायचा, मध्येच थांबून नाडी मोजायची. कोपऱ्यात बाकावर एक डॉक्टर बसलेले असायचे. बायपास झालेले एक आजोबा सुरुवातीला माझ्याच चालीने चालायचे. हळूहळू ते पुढे निघून गेले. उन्हाळ्यात त्यांनी डोंगरावर काढलेला फोटो सगळ्यांना दाखवला, मलाही. मी खूप छान म्हटलं आणि डॉक्टरांशेजारी बाकावर जाऊन बसले.

घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सासूबाई सत्तरीला आलेल्या, पण जन्मभर पायी हिंडलेल्या. बाळाला कडेवर घेऊन त्या सहज वर जायच्या. मी मागून, प्रत्येक वळणावर कठड्याला धरून उभी. मग त्याही थांबायला लागल्या. म्हणायच्या, गुडघे दुखतात गं, जरा टेकू दे. त्यांचा श्वास जराही चढलेला नसायचा, ते मला ऐकू यायचं.

एकदा मला राहवलं नाही. "आई, तुम्ही पुढे जा. माझ्यासाठी गुडघे दुखवून घेऊ नका."

त्यांनी बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. बाळ किरकिरायला लागलं तशा वर गेल्या. मी पायरीवर बसून रडले. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडलं, मला पाहिलं आणि आवाज न करता लावून घेतलं.

वर्षाने पुन्हा हृदयाची सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई पडद्याकडे बराच वेळ बघत होत्या. मी आपणहून सांगितलं, की वर्ग चुकवला नाही, थंडीतसुद्धा नदीकाठी रोज चालले.

"त्याचा उपयोग झालाय," त्या म्हणाल्या, "नाहीतर हृदयाचं काम यापेक्षा खाली गेलं असतं. पण आता हे एवढंच राहील, असं धरून चाला."

दुसऱ्या मुलाचा विचार करू नका, असंही त्यांनी सांगितलं. मी मान डोलावली. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ भांडी घासत राहिला.

सासूबाईंचा वाढवून घेतलेला व्हिसाही संपला. विमानतळावर मुलगा त्यांना सोडेना. त्यांनी त्याला कसंबसं कडेवरून सोडवलं आणि नवऱ्याच्या हातात दिलं. मी जवळच उभी होते.

वर्ग मी अजून करते. नवे येतात, बरे होऊन साध्या जिममध्ये जातात. तळमजल्यावर घर शोधतोय, अजून मिळालेलं नाही.

परवा मुलाला आणायला किटामध्ये गेले होते. इथली बालवाडीच ती. मला बघून तो पळत सुटला आणि ओल्या फरशीवर आपटला. मी खाली वाकेपर्यंत तो उठला होता. रडत माझ्या बाजूने पुढे गेला आणि बाईंपुढे दोन्ही हात वर करून उभा राहिला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याला उचललं. मी त्याची बॅग घेतली.